माकडताप : गोचीड, गाय आणि जंगलाची कड

१९५७ च्या मार्च महिन्यात, त्या वेळच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात जंगलातली माकडे मरून पडू लागली. त्याच भागातल्या गावांत माणसांनाही जोराचा ताप येत होता. डोके फुटेल असे दुखत होते, अंग मोडून येत होते, काहींच्या नाकातून आणि हिरड्यांतून रक्त येत होते. सोरब आणि सागर तालुक्यांच्या त्या पट्ट्यातल्या एका जंगलाचे नाव क्यासनूर. पुढे रोगालाच ते नाव मिळाले : क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे केएफडी. मराठीत त्याला माकडताप म्हणतात. माझ्या डॉर्ममधला शिवमोग्ग्याचा मित्र त्याला ‘मंगन कायिले’ म्हणतो. कन्नडमध्ये मंग म्हणजे माकड. दोन्ही भाषांनी रोगाचे नाव माकडाच्या माथी मारले आहे. ते का चुकीचे आहे, हे एका शास्त्रज्ञाच्या कामातून मला कळले. म्हणून हा लेख.

माकडे मेल्याची खबर पुण्याला पोचली. पुण्यात १९५२ पासून विषाणू संशोधन केंद्र होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतले रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून ते सुरू केले होते. आज आपण त्याला एनआयव्ही म्हणतो आणि कोविडमुळे ते नाव सगळ्यांना पाठ झाले आहे. तिथल्या लोकांच्या मनात पहिली शंका आली ती पीतज्वराची. शंका वावगी नव्हती. दक्षिण अमेरिकेत जंगलातली माकडे पटापट मरू लागली की पीतज्वर आला असे समजतात. आपल्या देशात तो रोग कधीच नव्हता. पण तो पसरवणारा एडिस डास गावोगाव होता आणि लोकांच्या अंगात त्याविरुद्ध कसलीच प्रतिकारशक्ती नव्हती. हा रोग भारतात शिरला असता तर काय झाले असते, याचा विचार तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी नक्कीच केला असणार.

केंद्राचे प्रमुख डॉ. टेलफर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी जंगलात गेले. मेलेल्या माकडांतून आणि आजारी माणसांच्या रक्तातून त्यांनी विषाणू वेगळा केला. तो पीतज्वराचा नव्हता. त्याचे नाते निघाले थेट रशियातल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूशी, जो तिथे गोचिडींमधून पसरतो. मग क्यासनूरच्या जंगलातल्या गोचिडी तपासल्या आणि त्यांच्यातही विषाणू सापडला.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेक ठिकाणी वाचायला मिळते. मला खरी रंगत वाटली ती यापुढच्या प्रश्नात. रशियातल्या विषाणूचा भाऊबंद मलनाडच्या डोंगरात आला कसा?

एक उत्तर लगेच सुचण्यासारखे होते : पक्षी. दर हिवाळ्यात लाखो पक्षी उत्तर आशियातून भारतात येतात आणि त्यांच्या अंगावर गोचिडी असू शकतात. हा धागा इतका गंभीरपणे घेतला गेला की जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली १९५९ पासून पक्षी पकडून त्यांच्या पायात कडी घालण्याचे मोठे काम हाती घेतले. त्यातून पक्ष्यांच्या स्थलांतराची भरपूर माहिती मिळाली. मात्र क्यासनूरचा विषाणू पक्ष्यांनी आणला, हे काही सिद्ध झाले नाही.

दुसरे उत्तर देणारे शास्त्रज्ञ म्हणजे होर्हे बॉशेल. ते मूळचे कोलंबियाचे. भारतात येण्यापूर्वी त्यांनी तिथल्या जंगलात पीतज्वरावर काम केले होते. त्या काळचा त्यांचा एक अनुभव प्रसिद्ध आहे. जंगलात पीतज्वर होत होता, पण जमिनीवर तो पसरवणारे डास पुरेसे सापडत नव्हते. एकदा लाकूडतोड्यांनी मोठे झाड पाडले आणि झाडाबरोबर निळसर डासांचा थवाच खाली आला. ते डास उंच शेंड्यांवर राहत होते, माकडांच्या सोबत. लाकूडतोड्यालाच पीतज्वर का होतो, ते त्या झाडाने सांगितले.

बॉशेल पुण्याच्या केंद्रात आले आणि त्यांनी सागर भागात काम सुरू केले. पी. के. राजगोपालन यांच्यासारखे भारतीय शास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर होते. कोलंबियात उत्तर झाडाच्या शेंड्यावर मिळाले होते. इथे ते पायाखालच्या पाल्यात होते.

गोचीड गोळा करायची पद्धत अगदी साधी आहे. पांढऱ्या फ्लॅनेलचा तुकडा काठीला बांधायचा आणि गवतावरून, वाळलेल्या पानांवरून हळूहळू ओढत न्यायचा. जनावर जाते आहे असे समजून गोचिडी कापडाला चिकटतात. मग चिमट्याने एकेक वेचायची, कुठे आणि कोणत्या महिन्यात सापडली ते लिहायचे. हे एक दिवस नाही, वर्षानुवर्षे करायचे. आम्हाला दोन तास मॅप रीडिंगचा कंटाळा येतो. या लोकांनी जंगलाचा नकाशा गोचिडींच्या संख्येने भरला.

आता गोचिडीबद्दल थोडे सांगतो, कारण ते समजल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. गोचीड कीटक नाही. ती कोळ्याच्या आणि विंचवाच्या नात्यातली. अंड्यातून बाहेर पडते तेव्हा तिला सहा पाय असतात. ही अळीची अवस्था. रक्त पिऊन कात टाकली की आठ पायांची निम्फ होते. निम्फ पुन्हा एकदा रक्त पिते, पुन्हा कात टाकते आणि मोठी गोचीड होते. मादी शेवटचे पोटभर रक्त पिते, जमिनीवर पडते, हजारांच्या घरात अंडी घालते आणि मरते. उडता येत नाही, उडी मारता येत नाही. गवताच्या टोकावर चढून पुढचे पाय पसरून वाट बघायची, एवढेच. तिच्या पुढच्या पायांवर एक इंद्रिय असते, त्याने तिला जवळून जाणाऱ्या प्राण्याचा श्वास आणि उष्णता कळते. आमच्या उस्तादांना अँबुश शिकवण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही : हालचाल नाही, आवाज नाही, आणि भूक लागली तरी जागा सोडायची नाही.

क्यासनूरचा रोग मुख्यतः पसरवणाऱ्या गोचिडीचे नाव हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा. ती आयुष्यात तीन वेळा जेवते आणि तिन्ही वेळा वेगळ्या यजमानाकडे. अळी उंदीर, चिचुंद्री, खार, पक्षी किंवा माकड यांच्या अंगावर चढते. त्यांच्यापैकी एखाद्याच्या रक्तात विषाणू असेल तर तो तिच्यात येतो आणि कात टाकल्यावरही तसाच राहतो. निम्फ माकडाला चावते आणि माणसालाही. या जातीच्या निम्फला माणूस विशेष आवडतो. ती तिळाहून लहान असते, म्हणून चावलेले बऱ्याचदा कळतच नाही. मोठी गोचीड मात्र माणसाकडे फारशी फिरकत नाही. तिला मोठे जनावर लागते.

आणि इथेच बॉशेल यांचा मुख्य मुद्दा येतो. दाट, मोकळ्या न केलेल्या जंगलात मोठी जनावरे म्हणजे गवा, सांबर, अस्वल. त्यांची संख्या मर्यादित आणि ती दूरदूर फिरणारी. बहुतेक माद्यांना शेवटचे जेवण मिळतच नसणार. मग माणसाने जंगलाच्या मधेमधे तोड करून शेती केली, कडेला गाव वसवले आणि गावाची गुरे जंगलात चरायला सोडली. गाय रोज सकाळी त्याच वाटेने आत जाते आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत येते. गोचिडीच्या दृष्टीने ही रोजची भरलेली खानावळ झाली. जिथे जंगल तोडून सोडून दिले तिथे घाणेरीची जाळी माजली, त्या जाळीत उंदीर वाढले, म्हणजे अळ्यांच्या जेवणाचीही सोय झाली. गोचिडींची संख्या वाढत गेली ती नेमकी जंगलाच्या कडेला, जिथे माणूस, माकड आणि गाय तिघांचीही वाट एक होते.

महत्त्वाची गोष्ट अशी की गाय या विषाणूचा साठा करत नाही. तिच्या रक्तात तो गोचिडीला लागण करण्याइतका वाढत नाही. ती फक्त गोचिडी पोसते. हे वाचल्यावर मी वहीत महिने लिहून काढले, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. पावसाळ्यात मोठ्या गोचिडी बाहेर पडतात आणि गुरांवर पोसल्या जातात. त्या अंडी घालतात. पाऊस संपताना अळ्या निघतात. डिसेंबरपासून निम्फ वाढू लागतात आणि उन्हाळ्यापर्यंत राहतात. माणसांच्या तापाचा हंगामही नोव्हेंबर-डिसेंबर ते मे. म्हणजे जानेवारीत तापाने फणफणलेल्या माणसाच्या आजाराची तयारी जुलैत भर पावसात एका गायीच्या कानामागे झालेली असते. जुलैत तिथे एकही रुग्ण नसतो, म्हणून तेव्हा कोणी तिकडे पाहत नाही.

तर बॉशेल यांचे म्हणणे असे : विषाणू बाहेरून कुठून आला हे शोधण्यापेक्षा इथे काय बदलले ते पाहा. तो जंगलातल्या लहान प्राण्यांत आणि गोचिडींत आधीपासून गुपचूप फिरत असावा. माणसाने जमिनीचा वापर बदलला आणि तो वर आला. १९६९ साली त्यांनी हा विचार सविस्तर लेखातून मांडला. त्याला जुळणारा एक पुरावा पुण्याच्या केंद्राकडे आधीपासूनच होता. १९५७ च्याही आधी, कच्छ आणि सौराष्ट्रातल्या लोकांच्या रक्ताच्या तपासणीत या रशियन गटातल्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली होती. क्यासनूरचे नाव कोणी ऐकले नव्हते तेव्हाची ही गोष्ट.

मग माकडाचे काय? माझ्या मते या सगळ्यात सर्वांत जास्त अन्याय त्याच्यावर झाला आहे. वानर आणि लाल तोंडाची टोपीवाली माकडे जमिनीवर उतरतात, त्यांना निम्फ चावते आणि ती आजारी पडून मरतात. जो स्वतः असा पटकन मरतो तो विषाणूला वर्षभर सांभाळून ठेवणार कसा? सांभाळतात ते लहान प्राणी आणि गोचिडी. माकड जिवंत असताना त्याच्या रक्तात विषाणू भरपूर वाढतो हे खरे, आणि त्याच्या अंगावरच्या असंख्य गोचिडी तो पितात हेही खरे. माकड मेले, अंग थंड पडले की त्या सगळ्या गोचिडी उतरतात आणि ती जागा काही काळ धोक्याची होते. म्हणून मेलेल्या माकडाजवळ जायचे नसते. मेलेले माकड हा इशारा आहे, एखाद्या चौकीवरून आलेल्या शेवटच्या संदेशासारखा. आरोग्य खाते अशा जागेच्या आजूबाजूला कीटकनाशक मारते आणि जवळच्या गावांना सावध करते ते यामुळेच.

हे सांगायचे कारण घरचे आहे. माझे आजोळ सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यात आहे. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात माकडताप आला आणि २०१६ साली दोडामार्गात. पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या बाजूलाही रुग्ण सापडले. मी तेव्हा लहान होतो, पण आजोबा सारखे बजावत ते आठवते : “माकडाक हात लावू नको!” त्या उन्हाळ्यात आमच्या वाडीत माकड दिसले की लोक दगड घेऊन धावायचे. आजोबांची काजूची बाग जंगलाला लागून आहे. फेब्रुवारी ते मे काजूचा हंगाम, आणि तोच निम्फचा हंगाम. बोंडू गळून पाल्यात पडतो, बी वेचायला माणूस वाकतो, तासन्‌तास पाल्यात बसतो. दगड माकडाला बसत होते आणि गोचीड पाल्यात होती. आजीने पातेरा गोळा करणे थांबवले नाही, कारण पातेऱ्याशिवाय भाजावळ कशी करणार?

मलनाडातही असेच आहे. तिथे सुपारीच्या बागा आहेत आणि बागेला पाला लागतो. तो आणायला लोक जवळच्या जंगलात जातात. सरपणालाही जातात, गुरांमागेही जातात. या रोगाने कोण आजारी पडते हे पाहिले तर शेतमजूर, गुराखी, सरपण आणणाऱ्या बायका आणि वनखात्याचे कर्मचारी हेच दिसतात. १९८२-८३ मध्ये दक्षिण कन्नड जिल्ह्यात बेळतंगडीच्या बाजूला जंगल तोडून काजू लावण्याचे काम झाले आणि तिथे हजाराहून अधिक लोकांना हा ताप आला. बॉशेल यांनी जे लिहिले होते त्याचा इतका सरळ पुरावा मिळायला नको होता. २०२० साली भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी मिळून धोक्याच्या जागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातही धोका जास्त दिसला तो जिथे सदाहरित जंगल आणि बागायत एकमेकांत मिसळली आहे आणि देशी गुरांची संख्या जास्त आहे अशा ठिकाणी. पन्नास वर्षांनी, उपग्रहाची चित्रे आणि संगणक वापरून, उत्तर पुन्हा जंगलाच्या कडेलाच पोचले.

आमच्या बायोलॉजीच्या तासाला मी हे सांगितले तेव्हा एकाने विचारले, “मग गायी जंगलात सोडणे बंद करा, झाले.” बोलायला सोपे आहे. ज्याच्याकडे दोन गायी आणि अर्धा एकर आहे त्याने चारा विकत आणायचा कुठून? बॉशेल यांच्या विचारातून गाय नवीन आरोपी ठरते असे मला वाटत नाही. त्यातून एवढे कळते की औषध, लस आणि फवारणी यांच्याइतकेच लक्ष चराईच्या वाटेकडे, गुरांच्या अंगावरच्या गोचिडींकडे आणि तोडलेल्या जंगलाच्या कडेकडे द्यावे लागेल. माणसाचा डॉक्टर, गुरांचा डॉक्टर आणि वनरक्षक एका टेबलावर बसल्याशिवाय हे होणार नाही. आणि तेही जुलैत, जानेवारीत नव्हे.

लसीबद्दल विचारणाऱ्या पालकांसाठी थोडे. १९९० पासून कर्नाटकात एक लस दिली जात होती. तिचे दोन डोस पुरेसे नव्हते, पुन्हा पुन्हा बूस्टर घ्यावे लागत. २००५ ते २०१० मधल्या पाहणीत दोन डोसांचे संरक्षण सुमारे ६२ टक्के आणि बूस्टर घेतल्यावर सुमारे ८३ टक्के आढळले होते. पुढे परिणाम कमी दिसू लागल्याने ती थांबवण्यात आली. नव्या लसीचे काम सुरू आहे. या तापावर नेमके औषध नाही. पण वेळेवर दवाखान्यात गेले, अंगातले पाणी आणि रक्तस्राव यांच्याकडे लक्ष दिले तर बहुतेक रुग्ण बरे होतात. शंभरातले साधारण तीन ते पाच दगावतात. आजारी माणसाकडून दुसऱ्या माणसाला हा रोग लागत नाही, म्हणून रुग्णाला वाळीत टाकायचे काहीच कारण नाही.

आपल्याला जवळची वाटेल अशी एक गोष्ट : जंगलात जाताना अंगाला लावायचे डेपा नावाचे औषध ग्वाल्हेरच्या डीआरडीईने, म्हणजे संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेने शोधले आहे. जंगलात काम करणाऱ्या जवानांना डास आणि इतर चावणाऱ्या जिवांपासून वाचवणारे हे औषध आता कर्नाटकात माकडतापाच्या गावांतही वाटले जाते.

कॅम्प किंवा सुट्टीच्या निमित्ताने पश्चिम घाटात डिसेंबर ते मे या काळात जाणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा आणि पँटचे पाय मोज्यात खोचावेत. फिकट रंगाचे कपडे बरे, त्यावर गोचीड दिसते. पाल्यात बसू नये, झोपू तर मुळीच नये. परत आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून काखा, गुडघ्यामागची बाजू, कानामागे आणि कमरेचा पट्टा बसतो ती जागा नीट पाहावी. गोचीड चिकटलेली दिसली तर तिच्यावर रॉकेल ओतणे, चटका देणे असले प्रकार करू नयेत. बारीक चिमट्याने तिला कातडीला अगदी लागून धरावे आणि सरळ वर ओढावे, पिळू नये. ती जागा साबणाने धुवावी आणि वहीत तारीख लिहून ठेवावी. चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत अचानक ताप आणि डोकेदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना तापाआधी ती तारीख आणि जंगलाचे नाव सांगावे.